माईची कसरत

चिऊ,

परवा नळाला चार दिवसांनी पाणी येतं हे सांगताना माई फोनवर अहिराणीत म्हणाली, "बठ्ठी कसरतच शे," म्हणजे सगळी कसरतच आहे. तू लगेच विचारलंस, "माई या वयात अ‍ॅक्रोबॅटिक्स करते?" आणि मग, "मराठीत त्याला नीट शब्दच नाही का?" हे दुसरं मनाला लागलं.

एकच शब्द नाही हे खरं, पण बरेच आहेत. जमिनीवर उलटतात ती कोलांटउडी. हनुवटी छातीला चिकटवून खांद्यावरून लोळायचं. हनुवटी सुटली की सगळा भार मानेवर. मल्लखांबाला वर बोंड, त्याखाली मान, मग अंग. लाकूड सागाचं किंवा शिसवाचं, कातडी सोलू नये म्हणून एरंडेल चोळलेलं. त्याला पायांनी विळखा घालतात ती अढी.

कसरत मात्र दोरीवरची. अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, आप्पांनी तुला सांगितलंय. अशा यात्रांत डोंबारी दोन-दोन बांबू कात्रीसारखे बांधून उभे करतात, त्यावरून दोर नेऊन दोन्ही टोकं जमिनीतल्या मेखांना ताणतात. मेख दोरापासून उलट्या बाजूला कललेली हवी. वाळूत ती सैल होते, दोराला झोळ पडतो आणि मधोमध पाय झुलायला लागतो. हातातला लांब बांबू कमरेशी आडवा धरायचा; त्याच्या लांबीमुळे तोल सावकाश जातो, सावरायला वेळ मिळतो. नजर पायाकडे नाही, समोरच्या कात्रीवर.

दोरावर बहुधा तुझ्याएवढीच मुलगी असायची, शाळेच्या वयाची. म्हणून हे सगळं कौतुकाने सांगताना मी अडखळते.

कसरत शब्द मूळचा अरबी, अर्थ पुष्कळपणा. हिंदीत त्याचा व्यायाम झाला. आपण त्यात तोल आणला. तुझा अ‍ॅक्रोबॅटही ग्रीकमधून आलेला, टोकावर चालणारा. म्हणजे उसना दोघांकडेही आहे.

आज विमानं हवाई कसरती करतात, मुद्दा टाळणारा शाब्दिक कसरत करतो, पक्ष बदलणारा कोलांटउडी मारतो. पगार, फी, औषधं एकात बसवणं ही तारेवरची कसरत. माईची कसरत यातली: चार दिवसांचं पाणी हंडे, पिंप, बादल्यांत असं बसवायचं की पिण्याचं वेगळं राहील आणि पाचव्या दिवशी नळ आला नाही तरी चूल अडणार नाही.

शाळेच्या वहीत अ‍ॅक्रोबॅटिक्सच लिही. माईशी बोलताना कसरत म्हण, वाटलं तर.

तुझी आई