मिरीचा वास यांना येतो, मला का नाही?

प्रश्न : मुलाने फ्रान्सहून सिरा द्राक्षाच्या वाइनची एक बाटली आणली. वर नुसतं 'कोर्नास 2021' आहे, द्राक्षाचं नाव कुठेच नाही. बूच काढल्याबरोबर आमचे हे म्हणाले, "काळी मिरी कुटल्यासारखा वास येतोय!" मला कसली मिरी? जांभळासारखं काहीतरी लागलं आणि जीभ कोरडी पडली, तेवढंच. हे म्हणतात, तुला त्यातलं कळत नाही. वाइनमध्ये मिरी घालतात का? आणि सिरा मुळात इराणच्या शिराझची, असं मुलगा म्हणतो, ते खरं का?
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : ताई, मिरी कोणी घालत नाही. पण यजमानांना भास झाला असंही नाही. सिराच्या सालीत रोटंडोन नावाचं एक द्रव्य असतं, तेच काळ्या मिरीतही असतं. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. लाल वाइनमध्ये लिटरमागे अवघे 16 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे एक ग्रॅम सहा कोटी लिटरला पुरेल. गंमत पुढेच आहे. त्याच संशोधकांच्या चाचणीत पाचातल्या साधारण एकाला हा वास येईना, शेकडो पटींनी जास्त घालून दिला तरी.

तुम्ही बहुधा त्या पाचव्या. मीही. काळी मिरी कुटताना मला शिंका येतात, तिखटपणाही कळतो. हा एक वास तेवढा निसटतो. ऱ्होन नदीकाठच्या ताँ गावी चव घेण्याच्या एका वर्गात बसलो होतो, तेव्हा हे माहीत नव्हतं. सगळे भराभर 'मिरी' लिहीत होते. मी शेजाऱ्याच्या कागदावर बघून लिहिलं. सदर चालवणाऱ्याने हे कबूल करू नये, पण यजमानांना दाखवायला तुमच्या हाती काहीतरी असू द्या.

द्राक्ष थंडाव्यात पिकलं की हा वास वाढतो, आणि 2021 तिथे थंडच गेलं. एप्रिलमध्ये अशी गोठवणारी थंडी पडली की कोवळे कोंब करपले.

बाटलीवर द्राक्षाचं नाव नाही, कारण तिकडे गावाचं नाव पुरतं. कोर्नास या गावाच्या नावाला 1938 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या नावाने विकायची तर वाइन निव्वळ सिराचीच हवी. उत्तरेकडच्या कोत-रोती भागात व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष 20 टक्क्यांपर्यंत चालतं, इथे थेंबभरही नाही. व्हालाँस शहराच्या समोर, नदीच्या पश्चिम काठावर ग्रॅनाइटचे उभे उतार आहेत, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले. तिथे यंत्र चढत नाही, तोडणी हातानेच. मागच्या टेकड्या मिस्त्राल वारा अडवतात. ताँला मात्र हा उत्तरेचा वारा मी अंगावर घेतलाय. एर्मिताजच्या टेकडीवर माथ्यावरच्या छोट्या चॅपलपर्यंत चढलो आणि टोपी नदीच्या दिशेने गेली, ती गेलीच. तिथे वेली खुंटाला का बांधतात हे मग कोणी सांगावं लागलं नाही.

शिराझची गोष्ट याच टेकडीची. धर्मयुद्धातून परतलेला एक सरदार इथे एकांतात राहिला आणि त्याने पूर्वेकडून वेल आणली, अशी आख्यायिका. गोष्ट झकास, पण खोटी. 1998 साली डीएनए तपासणीत सिराचे आईबाप सापडले : आर्देशकडची काळी दुरेझा आणि साव्हवाची पांढरी माँदझ. दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या. ऑस्ट्रेलियाने मात्र 'शिराझ' हेच नाव उचललं, त्यामुळे मुलाचा गैरसमज समजण्यासारखा आहे.

जीभ कोरडी पडली ती टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. कोर्नास तरुणपणी तुसडीच असते. उरली असेल तर रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून दोन तास ठेवा, मग प्या. जांभूळ म्हणालात ते मात्र अगदी बरोबर ओळखलंत.