ट्रेनर व्हायचंय? आधी सांधे शिक

२०६ हाडं आणि सहाशेच्या वर स्नायू पाठ करायला बसू नकोस, लवकरच कंटाळशील. सुरुवात खांदा, खुबा, गुडघा, घोटा आणि पाठीचा कणा यांपासून कर. कुठला सांधा कुठल्या दिशेला हलतो आणि ती हालचाल कोणते स्नायू घडवतात, एवढं पक्कं झालं की निम्मी भीती जाते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कोपर वाकवून डंबेल वर नेताना बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू), खाली आणताना ट्रायसेप्स (दंडाचा मागचा) काम करतो, असं सांगतात. खाली आणतानाही काम बायसेप्सच करतो. ताण धरून लांब होत तो वजन सावकाश सोडतो. स्क्वॅटमध्ये खाली बसतानाही मांड्या का भरून येतात, तेही यातून उमगेल.
- क्रंचेस मारून फक्त पोटाची चरबी जात नाही. क्लायंट विचारणारच (सगळेच विचारतात!), तेव्हा स्पष्ट सांग.
- दुखऱ्या गुडघ्याचं निदान आपण करायचं नाही. फिजिओकडे पाठव.

वाचताना स्वतःच्या अंगावर तपासून बघ. खुर्चीत बसून गुडघा सरळ कर, मांडीचा पुढचा भाग हाताखाली घट्ट होतो. एटीपी, लॅक्टेट वगैरे, म्हणजे स्नायूंना ऊर्जा कशी मिळते ते, नंतर. हे जमलं की पुढचं विचार.