पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

प्रश्न (भुसावळ): मुंबईच्या एका माणसाने पर्शियन मांजराच्या पिल्लाचे फोटो पाठवलेत. पिल्लू पाच आठवड्यांचं आहे, आपलं आपण खातं म्हणतो. पाच हजार इसार पाठवला की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टोपलीतून पाठवून देईल. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, भाऊ. इसारही पाठवू नका.

पाच आठवड्यांचं पिल्लू ताटलीत तोंड घालतं, पण तेवढ्याने ते आईपासून तोडायच्या वयाचं होत नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ते माणसांना, आवाजांना सरावतं. खेळताना किती जोराने चावायचं आणि नखं कधी आत घ्यायची, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. लवकर तोडलेली पिल्लं पुढे घाबरट किंवा चावरी निघण्याची भीती जास्त. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्राने नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाईच आहे. जाणते ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारे, बारा-तेरा आठवडे पिल्लू हातचं सोडत नाहीत.

दुसरं कारण लसीचं. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांनी देतात आणि पुढचे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, कारण आईकडून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. तुमच्या पिल्लाला अजून एकही डोस मिळालेला नसणार. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस लागतात. म्हणजे टोपलीतून खेळकर पिल्लू उतरतं आणि आठवड्याभरात उलट्या-जुलाबांनी जातं. असं पिल्लू छातीशी धरून आलेल्या लेकरांना काय सांगायचं, हे मला कधीच सुचत नाही.

मुंबई तुमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. बारा आठवड्यांचं होऊ द्या आणि स्वतः जा. पिल्लाची आई बघायला मागा. ती वाळलेली आहे का, माणूस जवळ गेला की दबून बसते का, पिल्लं घरात वावरतात की गच्चीवरच्या पिंजऱ्यात, खोलीत मुताचा उग्र वास आहे का, हे नजरेखालून घाला. व्हिडिओ कॉलवर तो दाखवील तेवढंच दिसतं. ‘आई दुसरीकडे आहे’ म्हणाला, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी मागे फिरा.

प्रश्न (धुळे): आमच्या ओळखीत दोघं-तिघं पर्शियनची पिल्लं विकतात. सगळेच ‘ट्रिपल कोट, ओरिजिनल’ म्हणतात. चांगला ब्रीडर ओळखायचा कसा?

उत्तर: ‘ट्रिपल कोट’ हा दाट केसांसाठीचा बाजारातला शब्द आहे, त्यावर एक रुपया जास्त देऊ नका. ताई, त्यांना एकच प्रश्न विचारा: नर-मादीची पीकेडीची तपासणी केली आहे का?

पीकेडी म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. पर्शियन जातीत तो फार पसरलेला आहे. दोष एकाच जनुकातला, आणि आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. आजारी मादीच्या प्रत्येक पिल्लाला तो लागायची शक्यता निम्मी. गाठी जन्मापासून असतात आणि हळूहळू वाढतात. मांजर वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतं, मग सहा-सात वर्षांचं झालं की पाणी जास्त पिऊ लागतं, खाणं सोडतं. बरं करणारं औषध नाही. तोवर त्या मादीची चार-पाच वेत विकून झालेली असतात.

ब्रीडर रक्ताचा रिपोर्ट पुढे करील. तो नॉर्मल असला तरी काही सिद्ध होत नाही. मूत्रपिंडाचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढतच नाही. जनुकाची चाचणी हवी, नाहीतर दहा महिन्यांच्या पुढच्या वयात केलेली सोनोग्राफी. मेन कून जातीचं मांजर घेत असाल तर हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, विचारा. ती एकदाच करून भागत नाही, पैदाशीच्या मांजरांची दरवर्षी करावी लागते.

‘पेडिग्री पेपर’ म्हणजे वंशावळीची नोंद. कागदावर आजे-पणजे कळतात, त्यांची मूत्रपिंडं कळत नाहीत. कागद जरूर मागा, पण आरोग्याचे रिपोर्ट आधी. शिवाय पिल्लांच्या कानांमागे आणि तोंडाभोवती केस गेलेत का, तेही बघा. पर्शियनला बुरशीचा नायटा पटकन होतो, आणि तो घरातल्या माणसांनाही लागतो.

आणखी एक खूण. चांगला ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो: दिवसभर घरी कोण असतं, खिडक्यांना जाळी आहे का, केस रोज कोण विंचरणार. त्याचा राग मानू नका.

प्रश्न (शिरपूर): मुलीला दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड हवंय. निरोगी पिल्लू देणारा ब्रीडर कुठे मिळेल?

उत्तर: कुठेच नाही. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या मांजरीपासून ही जात वाढली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे, आणि तोच दोष पायांच्या व शेपटीच्या सांध्यांतही असतो. दुमडलेल्या कानांचं प्रत्येक मांजर कमी-जास्त प्रमाणात हे दुखणं घेऊनच जन्मतं. ब्रिटनच्या जुन्या मांजर-संघटनेने तर सत्तरच्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. मुलीला हे जसंच्या तसं सांगा, मुलं समजून घेतात.

प्रश्न (चाळीसगाव): घरी कूलर आहे, एसी नाही. पंच फेस पर्शियन आपल्या उन्हाळ्यात राहील का?

उत्तर: मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पंच फेसच्या नाकपुड्या अरुंद आणि नाक आत दबलेलं, त्यामुळे श्वास घेऊन अंग थंड ठेवणं त्याला जड जातं. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर डॉक्टरकडे न्यायला तासभरही थांबू नये. एसी आणि इन्व्हर्टर जमणार नसेल, तर माझं स्पष्ट मत: पंच फेस घेऊ नका. नाक थोडं पुढे असलेलं डॉल फेस त्यातल्या त्यात बरं, पण तेही दुपारी गार फरशीच्या खोलीतच ठेवा. आणि आपलं गावरान पिल्लू घ्यायला हरकत काय आहे? या उन्हात ते पिढ्यान्‌पिढ्या तगलंय.

प्रश्न (अमळनेर): नाशिकचा ब्रीडर ‘नसबंदी करीन’ असं लिहून मागतो, आणि सांभाळणं न जमल्यास मांजर त्यालाच परत द्यायचं म्हणतो. पैसे आपण मोजायचे आणि अटी त्याच्या?

उत्तर: दादा, या माणसाकडून डोळे मिटून नाही, पण विश्वासाने घ्या. आपण जन्माला घातलेल्या जिवाची जबाबदारी तो विकल्यावरही घेतोय. नसबंदीने मादीला पुढे स्तनांची गाठ होण्याचा धोका खूप कमी होतो, आणि तो सर्वांत कमी होतो पहिल्या माजाआधी, म्हणजे पाचव्या महिन्याच्या आसपास केली तर. तुमच्या बाजूनेही दोन ओळी घालून घ्या: पिल्लू नेल्यावर ठरलेल्या दिवसांत तुमचे डॉक्टर तपासतील, आणि जन्मजात दोष निघाला तर खर्चाचं किंवा परतीचं काय. त्याने याला नाही म्हटलं, तर मात्र थांबा.