फिटनेस ट्रेनर म्हणून इतरांना लवचिकता आणि व्यायामाचे तंत्र शिकवायला कसे शिकावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, लातूरच्या एका व्यायामशाळेत तुम्ही नुकतेच प्रशिक्षक म्हणून रुजू झाला आहात, स्वतःचे शरीर उत्तम लवचिक आहे, सगळे व्यायाम करून दाखवता येतात, पण समोरच्याला शिकवायला गेले की त्याला ताण भलत्याच जागी बसतो किंवा बसतच नाही. तर यासाठी कोणता कोर्स करावा? मी गेली सोळा वर्षे परभणीत हेच काम करतो. कोर्सविषयी शेवटी लिहितो, कारण तुम्ही वर्णन केलेली अडचण एकट्या कोर्सने सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

ज्याचे अंग मुळातच मोकळे असते, त्याला आखडलेल्या माणसाला काय वाटते ते ठाऊक नसते. माझेही तसेच होते. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करणारा, जिंतूर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे येत असे. १६०० मीटर धावणे आणि गोळाफेक त्याला चांगली जमत होती, पण मांडीचा मागचा भाग फार आखडलेला होता. त्याला पाठीवर झोपवून मी त्याचा पाय सरळ वर उचलला आणि खांद्याने दाबत राहिलो. मी विचारत होतो, ‘जमतंय ना?’ तो म्हणत होता, ‘हो सर, हो सर.’ त्याने श्वास धरला होता, हाताच्या मुठीत सतरंजीची कड आवळली होती आणि दुसऱ्या पायाचा गुडघा जमिनीवरून उचलला गेला होता. या तीनही खुणा माझ्यापासून दोन हातांवर होत्या, परंतु माझे लक्ष फक्त पायाचा अंगठा किती वर गेला याकडे होते. मांडीत चमक भरली, सूज आली आणि तीन आठवड्यांवर आलेली मैदानी चाचणी त्याला देता आली नाही. तो माझ्यावर रागावला नाही, याचेच मला अजून वाईट वाटते.

त्या दिवसापासून ‘जमतंय ना?’ हा प्रश्न मी बंद केला. आपल्याकडची खेड्यातून आलेली मुले ‘सर’ म्हटलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत, आणि प्रौढ माणसे तर लाजेखातर दुप्पट सहन करतात. म्हणून प्रश्न असा विचारावा की ‘हो’ म्हणून सुटका होणार नाही. ‘ओढ कुठे जाणवते, तिथे बोट ठेवून दाखवा,’ असे मी सांगतो. बोट मांडीच्या मध्यावर पडले तर ठीक. गुडघ्याच्या मागच्या खळीत किंवा पोटरीत पडले तर स्थिती बदलावी लागते, कारण ताण आपल्याला हव्या त्या स्नायूवर आलेला नसतो.

या बाबतीत आपली भाषा प्रशिक्षकाला फार उपयोगी पडते, फक्त ती कान देऊन ऐकली पाहिजे. लोक सरसकट ‘शिरा आखडल्यात’ म्हणतात, ते बहुधा स्नायूंबद्दल असते. पण थोडे बोलते केले की नेमके शब्द बाहेर येतात. ‘ओढ’ किंवा ‘ताण’ म्हणाले तर काम योग्य चालले आहे. ‘कळ’ किंवा ‘चमक’ म्हणाले तर तत्काळ सोडावे. ‘गोळा आला’ म्हणजे स्नायू आकडला, तिथे ताण हलका करून सावकाश हालचाल द्यावी. ‘मुंग्या येतात’, ‘करंट गेल्यासारखा वाटतो’ असे कोणी म्हणाले तर ते स्नायूचे दुखणे नसून नसेचे असू शकते. पुढे वाकताना मान खाली घातली की वाढते आणि मान वर केली की कमी होते, असे दिसले तर शंका बळावते. अशा माणसाला जोर लावून ताणू नये, फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. कंबरदुखीसोबत दोन्ही पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर व्यायामाची गोष्ट तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

हे सारे समजून घेण्यासाठी शरीरशास्त्राचे थोडे वाचन अपरिहार्य आहे, पण ते पाठांतरासाठी नको. स्नायू हा सायकलच्या ट्यूबसारखा ओढला की लांब होणारा पदार्थ नाही. त्यात ताण मोजणारी संवेदक यंत्रणा असते. स्नायू झटक्याने ताणला की ती त्याला आकुंचन पावण्याचा आदेश मिळवून देते, म्हणजे आपण जितके दाबू तितका तो प्रतिकार करतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी लवचिकता वाढलेली दिसते, ती बव्हंशी स्नायूची लांबी वाढल्यामुळे नसते. तो ताण सहन करायला मज्जासंस्था तयार झालेली असते. एवढे एकदा मनात ठसले की दाबण्याचा मोह आपोआप कमी होतो आणि श्वास, उबदारपणा, सावकाशी या गोष्टींना आपण का महत्त्व देतो ते शिकणाऱ्यालाही सांगता येते.

प्रमाणाबद्दल अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस मी पाळतो: स्थिर ताण १० ते ३० सेकंद, वयस्करांसाठी ३० ते ६० सेकंद, प्रत्येक व्यायामाचे मिळून सुमारे ६० सेकंद, आठवड्यातून किमान दोन ते तीन दिवस, आणि तेही अंग गरम झाल्यावर. एका गोष्टीबाबत मात्र भरतीची मुले हमखास चुकतात. धावण्याच्या किंवा गोळा फेकण्याच्या आधी ती एकेका पायाचा ताण मिनिटभराहून अधिक धरून बसतात. इतका लांबलेला स्थिर ताण लगेच पुढच्या काही मिनिटांतला जोर किंचित कमी करतो. तेव्हा आधी हलके पळणे, पाय झुलवणे, गुडघे उंच घेत चालणे, लांब पाऊल टाकून खाली बसणे, अशी हलती तयारी करून घ्यावी आणि स्थिर ताण शेवटी ठेवावा.

जोडीदाराच्या साहाय्याने द्यायचा ताण शिकायचाच असेल तर ‘आकुंचन आणि शिथिलीकरण’ ही पद्धत आधी शिका. हिचे मूळ १९४० च्या दशकात अमेरिकेत रुग्णांच्या पुनर्वसनासाठी विकसित झालेल्या पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) तंत्रात आहे. पाय ओढ जाणवेल तेवढाच वर न्यायचा, तिथे शिकणाऱ्याने टाच तुमच्या हातावर ३ ते ६ सेकंद हलकेच दाबायची, मग सैल सोडायचे आणि त्यानंतरच पुढे सरकायचे. पुढे किती जायचे ते त्याचा पाय ठरवतो, तुमचा खांदा नाही. स्त्रियांना शिकवताना, खरे तर कोणालाही शिकवताना, हात लावण्याआधी विचारावे. आणि शक्य असेल तिथे तळव्याला पंचा किंवा ओढणी अडकवून दोन्ही टोके त्यांच्याच हाती द्यावीत. माझे निम्म्याहून अधिक ताण-व्यायाम आता असेच होतात आणि त्यात माझे काही अडत नाही.

आता तंत्राकडे येतो. खाली बसण्याचा व्यायाम, म्हणजे स्क्वॉट, शिकवताना मला एक गंमत नेहमी दिसते. आयुष्यभर कापूस वेचलेली, उकिडवे बसून भाकरी थापलेली साठीची बाई टाचा न उचलता सहज तळापर्यंत बसते, आणि दिवसभर शिकवणीच्या बाकावर बसणारा अठरा वर्षांचा मुलगा अर्ध्यातच मागे कलंडतो. त्याला ‘जोर लाव’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला भिंतीसमोर एक गुडघा टेकवून पाऊल पुढे ठेवायला सांगा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का ते पाहा. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकला तर घोट्याचे काम ठीक चालले आहे. टेकला नाही आणि ओढ पोटरीत जाणवली तर पोटरी आखडलेली आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडल्यासारखे वाटले तर अडचण सांध्यात आहे, आणि तिथे पोटरी कितीही ताणली तरी उपयोग होत नाही. तोवर टाचेखाली लाकडी पट्टी देऊन बसवावे, काही बिघडत नाही.

पुढे वाकून पायाची बोटे धरणे या कसोटीबद्दलही असेच आहे. बसून पुढे वाकण्याची चाचणी वेल्स आणि डिलन यांनी १९५२ मध्ये मांडली आणि अजून शाळांतून वापरली जाते, पण लांब हातांचा मुलगा तीत उगाच पुढे जातो. हात कुठवर पोचले यापेक्षा ओटीपोटाचे हाड पुढे कलते की पाठच कमानीसारखी वाकते, हे पाहायला शिका. बाजूने पाहा, समोर उभे राहून हे दिसत नाही.

शब्दांची निवड हा शिकवण्यातला सर्वात उपेक्षित भाग आहे, असे मला वाटते. ‘कंबर सरळ ठेवा’ म्हटले की दहातले आठ जण छाती फुगवून कंबरेत बाक काढतात. म्हणून वजन उचलण्याचे वाकणे मी तुराटीने, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काडीने, शिकवतो. आपल्या भागात तुरीच्या काढणीनंतर तुराट्यांना तोटा नसतो. एक सरळ तुराटी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि वाकताना यातली एकही जागा सुटता कामा नये. मग मी एवढेच म्हणतो, ‘दोन्ही हातांत घागरी आहेत, मागचे दार पाठीमागे रेटून लावा.’ कुल्ले मागे जातात, गुडघे थोडे वाकतात, पाठ तशीच राहते. मांडीच्या मागे ओढ कशी लागते ते त्याला आपोआप कळते, मला सांगावे लागत नाही. तुराटी नाजूक असते, हा तिचा आणखी एक फायदा. तिच्यावर जोर देऊन कोणी फसवू शकत नाही.

एका फेरीत एकच दुरुस्ती सांगावी. नवा प्रशिक्षक श्वास, गुडघा, टाच, नजर असे सगळे एका दमात सांगतो आणि ऐकणाऱ्याचे शरीर गोंधळून जागीच थिजते. आधी ज्यातून इजा होऊ शकते ते सांगावे, बाकीचे पुढच्या आठवड्यावर टाकावे. रक्तदाब असलेल्यांना श्वास धरू न देणे मात्र पहिल्याच दिवशी. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांना पाठीतून खोल पुढे वाकवू नये, आणि ज्यांचे सांधे मुळातच प्रमाणाबाहेर सैल आहेत त्यांना अधिक ताण नको, ताकद हवी. अशी मुलेमुली ताण-व्यायामात सर्वांना दाखवायला फार छान दिसतात. तो मोह टाळावा. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली चालणाऱ्या व्यायामशाळांत पाणी आणि वेळ यांचा विचार वेगळा करावा लागतो, हे तुम्हाला लातूरला सांगायला नको.

आता कोर्स. पदवी झालेली असेल आणि शाळेच्या नोकरीचाही विचार असेल तर बी.पी.एड. हा दोन वर्षांचा मार्ग आहे. मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत तो होतो. योगाकडे ओढा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यावी. फिटनेस ट्रेनरची खासगी प्रमाणपत्रे अनेक आहेत. घेण्यापूर्वी एकच विचारा की प्रत्यक्ष माणसांवर शिकवण्याचे किती तास आहेत आणि ते कोण तपासते. केवळ व्हिडिओ पाहून आणि पर्यायी प्रश्न सोडवून मिळणारे प्रमाणपत्र भिंतीवर लावायला पुरते. माझ्या मते त्याहून अधिक लाभ दोन ठिकाणी होतो. एखाद्या फिजिओथेरपिस्टला विनंती करून आठवड्यातून दोन सकाळी त्यांच्या दवाखान्यात नुसते बघत बसा. आणि जवळच्या तालमीत जाऊन वस्ताद पोरांकडून जोर-बैठका कशा करून घेतात ते पाहा. वस्तादांचे शास्त्र काही ठिकाणी जुने असेल, पण चाळीस पोरांतून चुकणारा गुडघा त्यांना पाठमोरे असतानाही कळतो.

सुरुवातीला एकच ताण आणि एकच व्यायाम निवडा, समजा मांडीच्या मागचा ताण आणि तुराटीचे वाकणे. ते वेगवेगळ्या वयाच्या दहा माणसांना शिकवा. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: बोट कुठे ठेवले, कोणता शब्द वापरला, आणि तुमच्या कोणत्या वाक्याने फरक पडला. दहावा माणूस झाल्यावर पहिल्याला परत बोलवा आणि तोच व्यायाम त्याला तुम्हाला शिकवायला सांगा. तो काय विसरला ते ऐकताना, तुम्ही काय सांगायचे राहून गेले ते लिहून घ्या.