वाचकांचे प्रश्न : वॉल्टर क्रॉन्काइट

प्रश्न : 'अमेरिकेतील सर्वांत विश्वासार्ह माणूस' असा वॉल्टर क्रॉन्काइट यांचा उल्लेख वाचनात येतो. दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाला एवढा मान कशामुळे मिळाला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ही उपाधी १९७२ च्या एका जनमत चाचणीतून आली. त्या चाचणीत त्यांची तुलना राजकारण्यांशी झाली होती, अन्य पत्रकारांशी नव्हे, त्यामुळे तिचे फार कौतुक करू नये. त्यांच्या लौकिकाचे खरे मूळ वृत्तसंस्थेतील उमेदवारीत आहे. मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ येथे १९१६ साली जन्मलेल्या क्रॉन्काइट यांनी टेक्सास विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून बातमीदारी पत्करली आणि १९३७ मध्ये ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर हल्ला करणाऱ्या बॉम्बफेकी विमानातून त्यांनी प्रवास केला, नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यांचे वार्तांकन केले आणि काही काळ मॉस्कोचे कार्यालयही सांभाळले. १९५० मध्ये ते सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीत आले. १६ एप्रिल १९६२ पासून तेथील सायंकालीन बातमीपत्राची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि त्याचे व्यवस्थापकीय संपादकही तेच होते, म्हणजे कोणती बातमी घ्यायची आणि कोणती गाळायची, यात त्यांचा शब्द चाले.

वृत्तसंस्थेत अंगी बाणलेल्या, खात्री करूनच बातमी देण्याच्या शिस्तीचा कस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी लागला. अध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलसमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली तेव्हा स्टुडिओतील कॅमेरा तापून तयार व्हायला वेळ लागणार होता, म्हणून पहिली घोषणा पडद्यावर केवळ सूचनापाटी ठेवून त्यांच्या आवाजात झाली. पुढे ते दिसले ते कोट न घालता, शर्ट आणि टायवर, वृत्तकक्षातच बसलेले. अध्यक्ष मरण पावल्याचे डॅलसमधील सहकारी डॅन रादर यांनी कळवले होते. क्रॉन्काइट यांनी ते सांगितले, पण अधिकृत दुजोरा नाही हेही लगेच जोडले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा संदेश हाती आल्यावरच त्यांनी मृत्यूची वार्ता निश्चित म्हणून दिली, चष्मा काढला, भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले आणि मृत्यूला अडतीस मिनिटे झाल्याचे सांगताना त्यांचा आवाज क्षणभर अडखळला. लोकांच्या लक्षात राहिला तो अडखळलेला आवाज. माझ्या मते त्याआधीची ती काही मिनिटे, जेव्हा हाती असलेली बातमी त्यांनी 'अद्याप अनिश्चित' म्हणून वेगळी ठेवली, अधिक मोलाची होती.

प्रश्न : क्रॉन्काइट यांच्या एका कार्यक्रमामुळे अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचा निर्णय घेतला, हे खरे आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अंशतःच. व्हिएतनाम युद्धात कम्युनिस्ट फौजांनी टेट या नववर्षाच्या सणाच्या सुमारास केलेल्या मोठ्या हल्ल्यानंतर, म्हणजे टेट आक्रमणानंतर, क्रॉन्काइट स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि २७ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी विशेष कार्यक्रम सादर केला. त्याच्या शेवटी, हे आपले व्यक्तिगत मत आहे असे आधीच बजावून, युद्ध कोंडीतच संपणार आणि वाटाघाटी हाच शहाणपणाचा मार्ग, असे त्यांनी सांगितले. 'क्रॉन्काइट माझ्या हातून गेले म्हणजे सामान्य अमेरिकन माणूसही गेला' अशा अर्थाचे उद्गार हा कार्यक्रम पाहताना जॉन्सन यांनी काढल्याचे सांगितले जाते; परंतु ते त्या रात्री टेक्सासमध्ये राज्यपाल कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते आणि कार्यक्रम प्रसारित होताना त्यांनी तो पाहिला नव्हता. ३१ मार्चला जॉन्सन यांनी निवडणुकीतून माघार जाहीर केली, तिच्यामागे युद्धाचा वाढता खर्च, पक्षांतर्गत विरोध आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, न्यू हॅम्पशायर राज्यातील प्राथमिक फेरीतील काठावरचे यशही होते. क्रॉन्काइट यांनी जनमत घडवले त्यापेक्षा, आधीच बदलू लागलेल्या जनमताला प्रतिष्ठा दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

प्रश्न : ते निवृत्त केव्हा झाले? (एक वाचक, अकोला)

उत्तर : ६ मार्च १९८१ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी; सीबीएसमध्ये निवृत्तीचे वय पासष्ट होते. त्यांच्या जागी डॅन रादर आले. इतक्या लवकर बाजूला झाल्याची खंत क्रॉन्काइट यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. १७ जुलै २००९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.