टर्मिनल मुका झाला, लॅपटॉप नाही

प्रश्न : मी भांडुपला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सोसायटीत पाण्याचे टँकर येतात त्यांचा हिशोब ठेवायला सी मध्ये एनकर्सेस (टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पूर्ण स्क्रीन रंगवायची लायब्ररी) वापरून छोटा प्रोग्राम लिहिलाय. चालतो मस्त, पण डेटाची फाइल सापडली नाही की बंद पडतो आणि मग टर्मिनलवर टाइप केलेलं काहीच दिसत नाही. दर वेळी विंडो बंद करून नवीन उघडतो. मित्र म्हणतो लॅपटॉपचा कीबोर्ड गेलाय. काय करू?

उत्तर : कीबोर्डला काही झालेलं नाहीये, मित्राला सांग पैसे वाचव. आधी तात्पुरता उपाय : अक्षरं दिसत नसली तरी आंधळेपणाने इंग्रजीत रिसेट असं टाइप करून एंटर मार, एंटर लागत नसेल तर कंट्रोल-जे, टर्मिनल परत बोलायला लागेल.

आता असं का होतं. तू इनिट-एससीआर, म्हणजे एनकर्सेस सुरू करणारं फंक्शन, बोलवतोस तेव्हा ते टर्म या व्हेरिएबलमधून टर्मिनलचा प्रकार बघतं, स्क्रीन ताब्यात घेतं आणि टाइप केलेलं आपोआप दाखवणं टर्मिनलला बंद करायला लावतं. ही सेटिंग तुझ्या प्रोग्रामची नसते रे, टर्मिनलची असते, त्यामुळे प्रोग्राम मेला तरी ती तशीच राहते. गणपतीत मंडपासाठी रस्त्यात खड्डे खणतात ना, ते बुजवायचे मंडळानेच, मंडळ मधेच गायब झालं तर खड्डे आपोआप थोडीच भरतात! इथे बुजवायचं काम एंडविनचं, म्हणजे टर्मिनल पूर्ववत करणाऱ्या फंक्शनचं, आणि माझी खात्री आहे की फाइल उघडली नाही की तू तिथल्या तिथे एक्झिट करतोयस, एंडविनपर्यंत पोचतच नाहीयेस.

सगळ्यात सोपं म्हणजे फाइल इनिट-एससीआरच्या आधीच उघड. नाही उघडली तर साधा मेसेज छापून बाहेर, स्क्रीनला हात लावायची गरजच नाही. पण नंतरही काहीतरी बिघडणारच, म्हणून एक छोटं फंक्शन लिहून ॲट-एक्झिटला नोंदवून टाक म्हणजे एक्झिट होताना ते आपोआप चालेल, त्यात इझ-एंडविनने तपासायचं की आधीच बंद झालंय का, नसेल तर एंडविन. आणि एररचा मेसेज एंडविन झाल्यावरच छाप, आधी छापलास तर स्क्रीनवर कुठेतरी मधेच सांडतो नाहीतर पुसला जातो.

कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवलास तर त्याची फार काळजी नको, तू स्वतःचा हँडलर (ते दाबल्यावर चालणारं फंक्शन) लावला नसशील तर एनकर्सेस स्वतः आवरतं. स्वतःचा लावलास तर त्यात नुसता एक फ्लॅग सेट कर आणि मुख्य लूपमध्ये तो बघून बाहेर पड, हँडलरच्या आतून एंडविन बोलवू नकोस. प्रोग्रामला जागच्या जागी मारणाऱ्या किल मायनस नाइन या आज्ञेपुढे मात्र कोणाचंच चालत नाही, तिथे रिसेटच.

अजून एक, एंडविन म्हणजे कायमचा पडदा पडला असं नाही. मधेच व्हीआय हा टेक्स्ट एडिटर उघडून नोंद लिहायची असेल तर एंडविन कर, व्हीआय चालव, परत आल्यावर रिफ्रेश म्हण, स्क्रीन होती तशी परत येते. हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी उगाच इनिट-एससीआर दोनदा बोलवत बसायचो.

पायथॉनमध्ये लिहिलं असतंस तर कर्सेसचं रॅपर हे तयार फंक्शन वापर एवढंच सांगितलं असतं, एक्सेप्शन (प्रोग्राममधली चूक) आलं तरी ते टर्मिनल पूर्ववत करून देतं. सी मध्ये ते आपल्यालाच करावं लागतं.