पेन्शनचा पैसा नेमका कुठे ठेवलाय, ते बघ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतल्या विमानकंपनीत, तेही हिशेब विभागात, नोकरी लागल्याचं वाचून फार बरं वाटलं. पत्रात शेवटी तू विचारलंस, की बुडती कंपनी वाचवणाऱ्या सीईओने भरपूर पैसे घेतले तर बिघडलं कुठे? त्यावर दोन दिवस विचार करतोय.

युनायटेड एअरलाइन्सचं बघ. 1994 मध्ये तिथल्या वैमानिकांनी, मेकॅनिकांनी आणि इतर बऱ्याच जणांनी पगारात कपात सोसून कंपनीचे 55 टक्के शेअर घेतले. डिसेंबर 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते शेअर कवडीमोल झाले. पगार पुन्हा कापले गेले. मे 2005 मध्ये न्यायालयाने चारही पेन्शन योजना बंद करायला परवानगी दिली. त्या योजनांतली तूट 9.8 अब्ज डॉलरची होती, आणि त्यातले सुमारे 3.2 अब्ज बुडालेल्या पेन्शनची हमी देणारी सरकारी संस्थाही भरून देणार नव्हती.

वैमानिकांच्या वाट्याला आलं ते मला सगळ्यात जास्त खुपतं. त्या हमीची कमाल मर्यादा तेव्हा वर्षाला सुमारे 45 हजार डॉलर होती, पण ती 65 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला. त्याआधी निवृत्त झालात, तर ती कमी होत जाते. 60 व्या वर्षी तेव्हा जेमतेम 29 हजार. आणि 60 पूर्ण झाले की प्रवासी विमान उडवायचं नाही, हा तेव्हाचा नियम सरकारचाच! तो 65 वर गेला डिसेंबर 2007 मध्ये. एका कायद्याने माणसाला कॉकपिटमधून उतरवलं आणि दुसऱ्याने लवकर उतरलास म्हणून हमी कमी केली.

सीईओ ग्लेन टिल्टन यांचं 45 लाख डॉलरचं पेन्शन मात्र शाबूत राहिलं. आधीची नोकरी सोडताना बुडालेल्या लाभांची ती भरपाई होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण मुद्दा असा, की तो पैसा वेगळ्या ट्रस्टमध्ये आधीच ठेवलेला होता. वैमानिकांच्या योजनेत पुरेसा पैसा भरलेलाच नव्हता. 2006 मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडल्यावर टिल्टन यांना एका वर्षात सुमारे 4 कोटी डॉलरचं मानधन मिळालं, बहुतेक शेअरच्या रूपात. त्याच वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबर कंपनीचा निव्वळ नफा होता अडीच कोटी.

कंपनी वाचली हे खरं. पण खर्च कमी झाला तो मोठ्या प्रमाणात कर्मचाऱ्यांच्या पगारातून आणि पेन्शनमधून. पेन्शन म्हणजे बक्षीस नव्हे. आज केलेल्या कामाचा नंतर द्यायचा पगार. तो न देता सुधारलेल्या ताळेबंदाला 'कामगिरी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून ताळेबंद हातात आला की आधी नफ्याकडे जाऊ नकोस. पेन्शनची देणी किती, त्यासाठी बाजूला काढलेला पैसा किती, हे टिपांमध्ये शोध. मग अधिकाऱ्यांच्या करारातले ट्रस्ट बघ. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही, आणि वरिष्ठांनी विचारलं तर न घाबरता दाखव.

दिवाळीत येशील तेव्हा स्वतःचं नियुक्तीपत्रही आण. निवृत्तीची कलमं आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
काका